वरची ओळ की खालची

अरे थांबा, आधी ऐका, मग हसा. कापड्याच्या वरच्या वाडीतले गणूकाका माहीत हायत ना? त्यांच्या मंजुळाचं मे महिन्यात लग्न झालं. नवरा सुधीर, मस्कतला कामाला. त्याची रजा संपायला आठ दिवस उरलेले, आणि जायच्या आधी लग्नाची नोंदणी व्हायला पायजे, नायतर मंजुळाचा व्हिसा नाय. नोंदणीला लग्नातला एक फोटो लागतो. एकच.

फोटो काढलेले प्रितमने, पोलादपूरच्या स्टुडिओवाल्याने. हा आपला डिजिटल माणूस. रोलवाल्यांना अडाणी म्हणायचा. सातशे फोटो लॅपटॉपमध्ये भरले, कार्ड पुसलं नि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी बारशाला गेला. तिकडून आला तर लॅपटॉप सुरूच होईना. आतून नुसतं टक-टक, टक-टक.

आता अख्ख्या कापड्यात महाडला सहा महिने हार्डवेअरचा कोर्स केलेला विद्वान कोण? मीच. मी प्रितमला सांगितलं की डिस्क गेलेय, नवीन टाकायची, त्यावर विंडोज बसवायचं, मग जुनी बाहेरून वायरने लावायची आणि श्वास चालू हाय तोवर फोटो ओढून घ्यायचे. एवढं सोपं. क्लासमध्ये अकरा कॉम्प्युटर, तिथे नेलं असतं तर जुनी डिस्क लावून पंधरा मिनिटांत फोटो बाहेर. पण गणूकाका लॅपटॉप घेऊन गेलेले वाडीवर, भाताच्या बियाण्याच्या पिशवीत घालून. म्हणाले, पोरीचं लग्न त्यात हाय, मी ते कुणाच्या दुकानात ठेवणार नाय. म्हणजे बँकेच्या लॉकरपेक्षा बियाण्याची पिशवी सेफ.

मग मी नि प्रितम गेलो वर. नवीन डिस्क घेऊन. नवीन म्हणजे कुणीतरी तीन वर्षं वापरलेली, पण आम्हाला नवीन. शिलाई मशीनच्या बारक्या स्क्रू-ड्रायव्हरने तळ उघडला, जुनी काढली, नवी सरकवली, टिच् करून बसली. बघायला अर्धी वाडी. विंडोजची सीडी घातली. बाराला लाईट जाणार, वाजलेले सव्वादहा, लॅपटॉपच्या बॅटरीत जीव नाय. म्हणून मी काय हुशारी केली असेल? वेळ वाचवायला जुनी डिस्क आधीच वायरने लावून ठेवली.

सेटअपच्या निळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. एक नवी डिस्क, एक जुनी. दोन्ही चाळीस जीबीच्या, दोन्ही आधीच भरलेल्या, नाव कुणालाच नाय. यातली एक पुसायची. चुकीची पुसली तर मंजुळाचं लग्न गेलं.

माझा हात थांबला. काकांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, दोनातली एक निवडायचीय. आणि तिथेच मी माती खाल्ली.

कारण वरच्या वाडीत निवडायचं कोणाचं काम नाय. विहीर कुठे खणायची, बैल कुठला घ्यायचा, पोरगी कुठे द्यायची, सगळं देवी सांगते. काका उठले, पांडू गुरवाला हाक मारली, आणि आम्ही सगळे देवळात. लॅपटॉप घरी, निळा पडदा लावून वाट बघतोय.

पांडूने ओल्या पाकळ्या देवीच्या दगडाला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर वरची ओळ पुसायची, डावी पडली तर खालची. मग हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, की आई, हे पोरगं कोर्स करून आलंय, याला काय कळत नाय, तूच सांग. मी मान खाली घालून उभा. सहा महिन्यांच्या फीचं चीज झालं.

उजवी पडली.

आलो, वरच्या ओळीवर गेलो, डिलीट. पडदा सारखा विचारत होता, नक्की का, नक्की का. काका मागून म्हणाले, हो म्हण रे, देवीने सांगितलंय. मी हो म्हटलं. मग त्याच डिस्कवर विंडोज बसवायला गेलो तर मेसेज आला, ही डिस्क बाहेरून लावलेली हाय, हिच्यावर बसणार नाय.

बाहेरून लावलेली. म्हणजे जुनी. तिने शेवटचं टक केलं नि गप्प झाली. परत दिसलीच नाय.

आणि बघा, अक्कल किती वेळेवर येते. त्या क्षणी माझं लक्ष गेलं त्या वायरवर. वायर काढली असती तर पडद्यावर एकच ओळ उरली असती. कोर्स नको, देवी नको, नुसती वायर काढायची.

पांडू म्हणाला, देवी चुकत नसते, तुमची वायर उलटी असेल.

मग सगळे घरात बसले. मी बोललो, हार घालून परत एक फोटो काढू, ऑफिसात कुणाला कळणारंय. त्यावर साळूकाकी, मंजुळाची आई, तिने डोळे पुसत सांगितलं की एका जन्मात एकालाच दोनदा हार घालत नायत, अपशकुन होतो. सुधीर जमिनीकडे बघत बसला. मस्कतमध्ये क्रेन चालवतो, पण सासूपुढे आवाज नाय. काका परत उठले. म्हणाले, देवीलाच विचारू.

तेव्हा मंजुळा चुलीजवळून बोलली, "बाबा, देवीला आता नको तरास. मला विचारा ना."

काकांनी बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा पोरीला विचारलं, "मग काय करूया गो?"

"शालू काढते. तुम्ही फुलं आणा. आणि आय, तुला अपशकुन वाटत असेल तर तू डोळे मिटून बस, पण फोटोत उभी राहा."

प्रितमने खाली जाऊन स्टुडिओतला जुना रोलवाला कॅमेरा आणला. अडाणी माणसांचा. दुपारी अंगणात, झेंडूचे दोन हार, मागे चादर, आणि अंतरपाट धरायला कोण? एका बाजूला पांडू गुरव, दुसऱ्या बाजूला मी.

नोंदणी झाली, सुधीर गेला, मंजुळा दिवाळीनंतर जाणार. साक्षीदाराच्या सहीला मीच गेलेलो, तेव्हा तो फोटो ऑफिसात बघितला. साळूकाकीचे डोळे मिटलेले. सुधीर हसतोय. मंजुळा हार हातात धरून नवऱ्याकडे नाय, माझ्याकडे बघतेय, आणि हा तरी घालवू नको म्हणून असं रोखून बघतेय ना, की बाजूला गोल शिक्का मारताना क्लार्कने वर मान करून मला विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण?"