महादेवाच्या गुंड्या

मित्रांनो, मी चांदीच्या चार गुंड्यांची जुनी साखळी. पूर्वी पुरुष कुडत्याच्या काजांतून माझ्यासारखी साखळी ओवत. हिंगणघाटच्या एका सोनाराने मला घडवलं आणि प्रत्येक गुंडीवर तीन भागांची नक्षी उठवली. वडनेरला शेतकरी रूपरावांच्या घरात सगळे तिला बेलपान म्हणाले. झालं! मी महादेवाची ठरले. शिवरात्रीला रूपरावांच्या छातीवर चमकायचं आणि मग वर्षभर पेटीत काळं पडत राहायचं.

यंदा रूपरावांनी ठरवलं, मला आटवून नातीला, समीक्षाला, पायातल्या तोरड्या करायच्या. ती वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच घरी आली होती. सोनाराकडे जायच्या दिवशी सकाळी ती रंग मांडून बसली.

"आबा, हिचं एक चित्र काढू द्या मले."

"काढ, पण लवकर. बस चुकते नाई तं."

तिने मला घासलं नाही. नक्षीतलं काळं काळंच रंगवलं. चमक हवी तिथे कागद कोरा सोडला. इतकं निरखून मला कुणी कधी पाहिलं नव्हतं! दुसऱ्या गुंडीवर तिचा कुंचला थबकला. बेलाचं पान चपटं असतं. इथे तिन्ही भाग फुगीर होते, आणि खाली दातेरी पानांची वाटी.

"आबा! हे बेलपान नाई, पऱ्हाटीचं बोंड हाय!"

"काय बोलून राह्यली? बोंडाले चार-पाच फाका असतात."

"देशी पऱ्हाटीले तीनबी असतात!"

ती धावत बांधावर गेली आणि तिथल्या देशी कापसाच्या झाडाचं उकलायला आलेलं बोंड घेऊन आली. माझ्याशेजारी ठेवलं. फाका तीन. दातेसुद्धा जुळले!

रूपरावांच्या बायकोला, नलूबाईंना, हसू आवरेना. "जलमभर पऱ्हाटी लावली, अन् छातीवरचं बोंड नाई वळखलं तुमी!"

बाहेर बसचा हॉर्न वाजला. रूपराव उठले नाहीत. मला तळहातावर घेऊन म्हणाले, "मंग तोरड्या?"

"मले नाई पायजे. सीतादहीले हे घालून वावरात येजा."

सीतादही म्हणजे कापूस वेचायच्या आधीची शेतातली पूजा. त्या दिवशी रूपरावांच्या कुडत्यात मी ऐटीत गेले. चहूकडे फुटलेली बोंडं! माझंच गणगोत, आणि मी ते पहिल्यांदा बघत होते.

मित्रांनो, तुमच्या पेटीतही कुणी चुकीच्या नावाने काळं पडत असेल. आटवायच्या आधी त्याचं एक चित्र काढा. बिघडलं तरी चालेल. तेवढा वेळ त्याच्याकडे बघणं तर होईल!