चिमीचा पट्टा

सुकऱ्याच्या गोठ्यात शिरलात, तर डाव्या हाताच्या खुंटीवर वासराच्या दाव्याशेजारी एक मळका पट्टा लटकलेला दिसेल. मित्रांनो, तो मी. तुम्हाला वाटेल, बैलाच्या गळ्यातला असेल. मी बैलाचा नाही. मी एका बाईचा आहे. ती बाई आता नाही.

भिवंडीकडच्या एका कारखान्यात मला शिवलं. जाड कापड, आत ताणणारं रबर आणि टोकाला चिकटपट्टी. ती ओढली की चर्र आवाज व्हायचा. माझ्या खोक्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. तिने कधी डोक्यावर विटा वाहिल्या असतील असं वाटत नव्हतं.

तिथून मी जव्हारच्या दवाखान्यात आलो आणि कपाटात पडून राहिलो. शिमग्याच्या सुमारास चिमी आली. दाभोशाकडच्या एका पाड्यावरची ती. दिवाळीनंतर नवरा-बायको वीटभट्टीवर गेली होती. तिथेच तिचं दुखणं सुरू झालं. पोटात बाळ होतं. पाय उचलला की जांघेत कळ यायची, कुशीवर वळताना खुब्यात टोचायचं. लुगडं नेसतानाही ती भिंतीला टेकून उभी राहायची. जीपमधून उतरताना ती रडली. तिच्या नवऱ्याने, सुकऱ्याने, तिला अक्षरशः उचलून खाली ठेवलं.

दवाखान्यात हर्षदा मॅडम होत्या. व्यायाम शिकवून दुखणं कमी करायचं, हे त्यांचं काम. त्यांनी चिमीला समजावलं की बाळ वाढायला लागलं की आईच्या ओटीपोटाच्या हाडांचे सांधे थोडे सैल होतात. काही जणींचे फार दुखतात. ते नाटक नसतं आणि त्यावर उपाय असतो.

मग त्यांनी मला कपाटातून काढलं.

"हा पोटावर बांधायचा नाही हं. कमरेवरपण नाही. खाली, या दोन हाडांच्या भोवती. घट्ट, पण श्वास अडेल इतका नाही."

चर्र. मी पहिल्यांदा माणसाच्या अंगाला लागलो. चिमी एक पाऊल चालली, मग दुसरं. मग ती हसली.

"मॅडम, हाडा जाग्यावर आलीत जशी!"

मॅडमनी आणखीही सांगितलं. कुशीवर वळताना गुडघे जुळवून वळायचं. झोपताना गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी ठेवायची. हंडा कडेवर घ्यायचा नाही. कपडे बसून घालायचे. "आणि पडून राहू नको. दुखतं म्हणून एका जागी पडून राहिलीस तर दुसरी दुखणी लागतील. पट्टा बांध आणि थोडं थोडं चाल. बाळ झाल्यावरही लगेच सोडू नको. मला येऊन दाखव, पुढचे व्यायाम शिकवते."

सुकऱ्या तेव्हा बाहेर परतीची जीप बघायला गेला होता. त्याने यातलं काही ऐकलं नाही.

मित्रांनो, ते दोन-तीन महिने माझे सोन्याचे होते. सकाळी यंत्रासारखा चर्र आवाज झाला की म्हातारी सरू, सुकऱ्याची आई, चुलीपासून ओरडायची, "उठली गं कारखानीन!" चिमी मला लुगड्याच्या आत बांधून नागलीची भाकर थापायची, अंगण झाडायची. झऱ्याचं पाणी सुकऱ्या आणायचा. पाड्यावरचे पुरुष त्याला हसायचे. तो म्हणायचा, "हसा. तुमच्या बायकांनी आयकला तर तुमाला पण लावतील."

पावसाळ्याच्या तोंडाला चिमीला दवाखान्यात मुलगी झाली. नाव ठेवलं प्राजक्ता. मी पिशवीतून त्यांच्याबरोबर घरी आलो.

पाचव्या दिवशी घरात पाचवी पुजली. घर सारवलं. बाळंतपणाच्या वस्तू घरात ठेवायच्या नाहीत, अशी तिथली रीत आहे. फाटकी लुगडी ओढ्यावर टाकून दिली. मी नवा होतो, दवाखान्याचा होतो, म्हणून म्हातारीला टाकवलं नाही. तिने मला गोठ्यात आणून या खुंटीला अडकवलं.

चिमीचं दुखणं मात्र पाचवीला घराबाहेर गेलं नव्हतं.

"आत्ये, माझा पट्टा द्या ना."

"पोर भायेर आली ना? आता पोटाला टेकू कशाला?"

"तो पोटासाठी नाय. मॅडम बोलल्या होत्या, बाळ झाल्यावर पण..."

"तुझ्या मॅडमला किती पोरा? मना सात झाली. मी बांधते तुला."

म्हातारी वाईट नव्हती, मित्रांनो. सुनेला शेक द्यायची, तिच्यासाठी अळीवाची पेज करायची. तिने जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन चिमीचं पोट आवळून बांधलं, तिच्या आईने तिचं बांधलं होतं तसंच. पण ती पट्टी कमरेच्या वर होती. दुखणं खाली होतं.

चिमीने सुकऱ्यालाही सांगितलं. भाताच्या आवणीचे दिवस होते. तो दिवसभर चिखलात वाकून घरी आला होता. "आय उगाच नाय सांगत," तो म्हणाला आणि झोपला.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. चिमी भिंत धरून, पाय फरफटत अंगण ओलांडून आली. गोठ्याच्या दाराला वासरू बाहेर जाऊ नये म्हणून गुडघ्याएवढं आडवं लाकूड लावलेलं आहे. ते ओलांडायचं तर एका पायावर उभं राहावं लागतं. तिने पाय उचलला. कळ आली. पुन्हा उचलला. मी तिच्या हातापासून फार लांब नव्हतो. वासराने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मलाही हाक मारता आली असती तर! आत पोर रडायला लागली. चिमी थोडा वेळ लाकडाला टेकून उभी राहिली आणि परत गेली.

त्यानंतर ती अंथरुणावरून फारशी उठलीच नाही. बसल्याजागी पोरीला पाजायची आणि आडवी व्हायची. सगळे म्हणायचे, बाळंतीण आहे, पडू दे. दुखण्याने कोणी मरत नाही.

तिचा डावा पाय सुजला. म्हातारीने निरगुडीचा पाला गरम करून बांधला. मग एके सकाळी चिमी उठून बसली आणि म्हणाली, "मना वारा लागत नाय." तिला श्वास घेता येत नव्हता. सुकऱ्याने आणि शेजारच्या बाबल्याने बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. मी खुंटीवरून झोळी जाताना पाहिली. रस्त्यावर जीप मिळाली, पण घाट संपायच्या आत चिमी संपली.

एका जागी पडून राहिल्याने पायात रक्ताची गाठ झाली आणि ती छातीत गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुकऱ्याने घरी येऊन ते तसंच्या तसं आईला सांगितलं.

चिमीच्या बांगड्या, लुगडी, तिची फणी, सगळं तिच्याबरोबर गेलं. मी तेवढा राहिलो. गोठ्यातल्या वस्तूची कोणाला आठवण? वासराने माझं एक टोक चघळलं. गवताचा भुसा माझ्या चिकटपट्टीत जाऊन बसला. एकदा म्हातारीने माझ्याने गवताचा भारा बांधायचा प्रयत्न केला. मी सुटलो. तिने मला परत अडकवलं.

पुढच्या शिमग्याला बाबल्याच्या सुनेला, प्रगतीला, दिवस गेले होते. एका सकाळी ती भिंत धरून अंगणातून चालली होती. बाबल्या ओट्यावरून म्हणाला, "बघा, आमची बदक निघाली!" बायका हसल्या.

सुकऱ्या गोठ्यात शेण काढत होता. त्याने दारातून तिला पाहिलं. पाय फरफटत होता. हात भिंतीला होता. त्याने फावडं टाकलं, खुंटीवरून मला काढलं, झटकलं आणि तसाच बाबल्याच्या अंगणात गेला.

परक्याच्या सुनेला हात कसा लावणार? त्याने मला स्वतःलाच बांधलं. चड्डीवरून, खाली, दोन हाडांच्या भोवती.

"अरे सुक्या, तुला कितवा म्हयना?" कोणीतरी ओरडलं. सगळं अंगण हसलं.

सुकऱ्या हसला नाही. "इथं बांधतात. पोटाला नाय. चिमी इथं बांधायची."

चिमीचं नाव निघालं आणि हसणं थांबलं. मी धरून राहायचा फार प्रयत्न केला, मित्रांनो. पण माझ्या चिकटपट्टीत भुसा होता. मी सुटून त्याच्या पायात पडलो. त्याने मला उचललं आणि दोन्ही हातांनी कमरेखाली दाबून धरलं. "ह्यो गेला. नवा आणा. जव्हारला न्या तिला. आन् पोर झाली तरी काढून घेऊ नका."

बाबल्याच्या बायकोने प्रगतीला आत ओढलं. "मेल्या बाईची वस्तू घेऊन आला आमच्या दारात! पोटुशी पोर हाय घरात!" दार लागलं.

सुकऱ्या परत आला. अंगणात म्हातारी सरू प्राजक्ताला कडेवर घेऊन उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"तो खाली बांधायचा व्हता?" तिने विचारलं.

"हां."

म्हातारी तिथेच जमिनीवर बसली. पोर तिच्या मांडीवर उतरून माझ्या लोंबत्या टोकाशी खेळायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीच बाबल्याच्या दारात गेली. आत काय बोलणं झालं ते मला इथून ऐकू आलं नाही. फक्त तिचा एकदाच चढलेला आवाज ऐकू आला, "माझ्या हातानं वर बांधला मी! माझ्या हातानं!" मग जीपचा हॉर्न वाजला. प्रगतीला धरून म्हातारी तिच्याबरोबर गेली.

आता प्रगती नवा पट्टा बांधून सरळ चालते. ती अंगणातून जाते तेव्हा सुकऱ्या गोठ्यात येतो आणि ती निघून जाईपर्यंत वासराकडे तोंड करून उभा राहतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी बाई पाय फरफटत चालत असेल तर हसू नका. तिला विचारा, कुठे दुखतं. बाळ झालं म्हणून तिचं दुखणं संपलं असं धरून चालू नका. ती काही मागत असेल तर तिच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवा.

वस्तू वापरून जुनी झाली तर तिला दुःख नसतं. मी खुंटीवर लटकूनच जुना झालो.