हिरवं जिलेटिन

वसतिगृहाची मेस मुलंच चालवत. दर रविवारी एकेका खोलीवर भाजी आणायची पाळी येई. १९७४च्या फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मार्तंड तापाने पडला होता, म्हणून त्याचा पार्टनर चंद्रभान एकटाच सायकल घेऊन कॉटन मार्केटात गेला. परत येऊन त्याने मेसमध्ये पोतं उलटं केलं, तर निम्म्याहून अधिक टमाटर हिरवेगार.

"हे काय आणलं बे? लोणचं घालाचं हाये काय?" मेस सेक्रेटरी गिरिधर ओरडला.

"आंबट वरण पाह्यजे म्हनत होता ना? खाय आता!" चंद्रभान म्हणाला. सगळे खो खो हसले.

चादर पांघरून बसलेला मार्तंड तेवढा हसला नाही. सावनेरच्या या मुलाला एखादी गोष्ट जुळली नाही की चैन पडत नसे. चंद्रभानसारख्या कुहीच्या शेतकऱ्याच्या पोराला कच्चं-पिकलं कळू नये?

मग त्याला प्रयोगशाळा आठवली. बी.एस्सी.च्या वर्गात दोघं एकाच टेबलावर प्रयोग करत. ब्युरेटच्या उभ्या काचनळीच्या तोटीवर चंद्रभानचा हात आणि खालच्या फ्लास्कवर मार्तंडची नजर. ब्युरेटमधलं आम्ल थेंबाथेंबाने पडे, आणि फ्लास्कमधला पिवळा द्रव लालसर होऊ लागला की मार्तंड म्हणे, "बस!" त्याच थेंबावर तोटी बंद. नळीच्या टोकाशी अर्धा थेंब अडवून धरावा तर तो चंद्रभाननेच. अख्ख्या वर्गात असा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. मार्तंडला ही कामाची वाटणी वाटत आली होती. 'बस' नेहमी आपणच का म्हणतो, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

ताप उतरल्यावर त्याने चंद्रभानपुढे दोन फ्लास्क ठेवले, एक पिवळा, एक लाल. "यातला लाल कोणता?"

चंद्रभानने फ्लास्ककडे पाहिलं, मग मार्तंडच्या तोंडाकडे. "दोन्ही सारखेच दिसते गा मले."

"घरी माहीत हाये?"

"मायले हाये. मिरच्या तोडाले तिनं मले कधी धाडलं नाई."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तरी तू 'बस' म्हनलाच असता. पन कीव करून म्हनला असता."

प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आली होती आणि तिथे जोडी नव्हती. ज्याने त्याने आपापला प्रयोग करायचा होता. नापास झाला तर चंद्रभानचं वर्ष जाणार, आणि वर्ष गेलेल्याला वसतिगृहात जागा मिळत नसे.

"मी बाजूलेच राहीन. रंग बदलला का खोकतो," मार्तंड म्हणाला.

"तुया खोकल्यावर डिग्री घेऊ काय? त्यापेक्षा कुहीले जाऊन धान लावीन!"

खोकल्याचा विषय तिथेच संपला. मार्तंड मात्र विचार करत राहिला. रंग ओळखू येत नसेल, पण उजेड-अंधार तर येतो? गॅदरिंगच्या नाटकात दिव्यांवर लावलेला हिरवा जिलेटिनचा कागद कॉमन रूममध्ये पडून होता. त्यातून पाहिलं तर पिवळा द्रव उजळ दिसायला हवा आणि लाल काळपट. त्याने एक तुकडा कापून चंद्रभानला दिला.

पहिल्या दिवशी काही साधलं नाही. प्रत्येक वेळी चंद्रभान थांबेपर्यंत द्रव लालभडक झालेला असे. पण तो रोज प्रयोगशाळेत थांबू लागला. कागदाची दुहेरी घडी केली की फरक ठळक होतो, हे त्याने स्वतःच शोधलं. फ्लास्क खिडकीच्या किती जवळ धरायचा तेही ठरवलं. आठवड्याभरात त्याची तोटी मार्तंडच्या 'बस'च्या आधीच बंद होऊ लागली. मार्तंड फ्लास्क उचलून उजेडात धरी, आणि तेव्हा कुठे त्याला त्यात पुसटशी लाली दिसे. जन्मापासून रंग पाहणाऱ्या डोळ्यांना जे उशिरा कळत होतं, ते या मुलाने नुसत्या सावलीवरून हेरलं होतं. मार्तंडला त्याचा हेवा वाटला नाही. त्याच्याशेजारी उभं राहायला मिळतं, याचाच अभिमान वाटला.

परीक्षेच्या दिवशी चंद्रभानने खिशातून कागद काढून डोळ्यापुढे धरला, तसे बाहेरून आलेले परीक्षक टेबलाशी येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

सगळ्या माना वळल्या. पुढच्याच टेबलावरचा मार्तंड आपला प्रयोग सोडून इकडे पाहू लागला. डोळे दुखतात, उजेड सहन होत नाही, असं काहीही सांगून चंद्रभानला वेळ मारून नेता आली असती.

"सर, मला लाल आणि पिवळा वेगळे दिसत नाहीत," चंद्रभान सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "या कागदातून लाल रंग काळा दिसतो. त्यावरून मी शेवटचा थेंब ओळखतो."

परीक्षकांनी कागद घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. तो परत देत ते म्हणाले, "माझ्यासमोर करून दाखवा."

चंद्रभानने नवा फ्लास्क घेतला. थेंब पडत गेले. शेवटचा अर्धा थेंब नळीच्या टोकाला लोंबत राहिला, त्याने तो फ्लास्कच्या कडेला टेकवून उतरवला आणि तोटी बंद केली. परीक्षकांनी चष्मा वर करून फ्लास्क न्याहाळला, ब्युरेटवरचा आकडा वाचला, आधीच्या आकड्यांशी ताडला आणि त्याच्या वहीवर सही केली.

"हात चांगला आहे तुमचा," ते म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडे वळले. ते मार्तंडचं होतं. "आणि तुमचं लक्ष कुठे आहे?"

मार्तंडने दचकून खाली पाहिलं. त्याची तोटी तशीच चालू होती आणि फ्लास्कमध्ये लालभडक पाणी झालं होतं.

"पुन्हा करतो, सर," तो म्हणाला, आणि हसू दाबत फ्लास्क धुवायला नळाकडे गेला.