सावलीतला शेजारी

हे मी लिहिणारच नव्हतो. शेजाऱ्याला वाईट वाटेल म्हणून. पण मित्रांनो, तोच म्हणाला, "सांग रे, लपवतोस काय?"

मी एक जुना आरसा आहे. नऊ वर्षांचा. खसखशीच्या दाण्याएवढा, पण मला हलका समजू नका. सूर्य बघणाऱ्या दुर्बिणीच्या पोटात, एका चकतीवर आम्ही हजार भावंडं दाटीवाटीने बसतो. तापलेल्या रस्त्यावर हवा थरथरताना पाहिलीत ना? तशीच वरची हवा थरथरते आणि उजेडाला सुरकुत्या पाडते. आम्ही सेकंदाला हजार वेळा वर-खाली होऊन त्या काढतो. इस्त्रीच म्हणा. आधी सूर्यावरचे डाग सांडलेल्या शाईसारखे दिसायचे. आम्ही आलो आणि त्यांची रेघ न् रेघ दिसायला लागली. फुशारकी नाही, खरं तेच सांगतोय.

आम्हाला दमट हवा सोसत नाही; अंगात वीज खेळत असताना तर मुळीच नाही. म्हणून एका नळीतून कोरडी हवा सतत आमच्यावर सोडलेली असते.

एका दुपारी ती थांबली. वीज चालूच. माझा शेजारी, माझ्याच दिवशी घडलेला दोस्त, खाली गेला तो वर आलाच नाही. चिकटला.

दुर्बिणीच्या प्रमुख ताई धावत आल्या. "काका, हवेची झडप कोणी बंद केली?"

काका म्हणजे आम्हाला सांभाळणारे. त्यांचा चेहरा पडला. "मीच. लेकीचा फोन होता, हवेच्या फुसफुसण्यात काही ऐकू येईना. पाच मिनिटं म्हणून बंद केली न् साफ विसरलो."

"आणि आरसे चालूच?"

"चालूच. नऊ वर्षं जपलं आणि आज माती खाल्ली."

"हा अडकलेला सगळ्या चित्रभर उजेड सांडणार. अख्खी चकती बदलावी लागेल."

म्हणजे आम्ही हजारच्या हजार कपाटात!

काका डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "ताई, दुर्बिणीतल्या वरच्या आरशाला धरणाऱ्या दांड्याची सावली चकतीवर पडतेच ना? चकती जरा सरकवू. हा पठ्ठ्या सावलीत गेला की बिघडवणार काय, कपाळ?"

"आधी ती झडप उघडा," ताई म्हणाल्या. पण हसल्या.

तीन तास केसाकेसाने सरकवलं. पडद्यावर सूर्यावरचा डाग उमटला, अगदी लख्ख!

आता झडपेवर काकांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'फोन बाहेर जाऊन घ्या.' मित्रांनो, नाजूक वस्तू जपायला कधीकधी एवढंच पुरतं.

शेजारी मात्र तेव्हापासून सावलीत. सावलीची कड माझ्यापाशीच संपते. काल म्हणाला, "तुझी मजा आहे बाबा, तुला सूर्य दिसतो."

मी म्हटलं, "रोज दुर्बिणीचं झाकण मिटलं की त्या दिवशीचा सूर्य तुला सांगेन. एकही डाग न गाळता. शब्द देतो."