हाताशी येतील अशी बटणं

“ही बटणं कुणासाठी बसवली, मांजरासाठी?” मिस्त्रीनं विचारलं.

नवऱ्याला हसू आवरेना. तिनंही पाहिलं. दिव्याचं बटण भिंतीवर तिच्या मांडीशी होतं. या खोलीत, आतल्या खोलीत, अगदी स्वयंपाकघरातसुद्धा.

आत्यानं जाण्याआधी घर तिच्या नावावर केलं होतं. ती दवाखान्यात नर्स, नवरा गोदामात कारकून. जुनं घर दुरुस्त करून भाड्यानं देण्याचा व्यवहार दोघांनाही नवा. परवडेल की गळ्यात पडेल, ते ठरवायला आज मिस्त्रीला आणलं होतं. तो एकेक भिंत ठोकून पाहत होता.

“लोक म्हणतील, आयत्या बिळावर नागोबा,” नवरा म्हणाला. “पण हे बीळ लिंपता लिंपता नागोबाच आडवा व्हायचा.”

“पाया दणकट आहे, साहेब. घर सोडू नका. छप्पर गळतंय, मोरी फोडावी लागेल. आणि बटणं तेवढी वर घ्या, नाहीतर भाडेकरू दारातच हसेल.”

“आत्या बुटक्या होत्या का गं?”

“छे! दारातून वाकून यायची ती.”

मिस्त्रीनं भिंतीवर वर बोट फिरवलं. “हे बघा ताई, बटण आधी इथंच होतं. भोक बुजवलंय. मागाहून कुणीतरी मुद्दाम खाली आणलंय.”

तिनं त्या बुजवलेल्या भोकावर बोट टेकवलं.

सहा वर्षांची असताना ती सुट्टीत इथं राहिली होती. दिवा लावायचा म्हणजे आत्याला हाक. आत्या हातातलं काम टाकून यायची, तिला कडेवर उचलायची. “पुढच्या सुट्टीत तुझा दिवा तूच लाव हं,” ती घरी निघताना आत्या म्हणाली होती. ती सुट्टी आलीच नाही. बाबांचं आणि आत्याचं बिनसलं, अबोला धरला तो धरलाच. मग ती मोठी झाली, आणि येऊ येऊ म्हणता राहूनच गेलं.

“मग ताई, घेऊ ना वर?”

“घ्या,” ती म्हणाली. “सगळी घ्या.”

दोघं छप्पर बघायला अंगणात गेले. ती मागे राहिली. वाकून तिनं पुढच्या खोलीतलं बटण बंद केलं. मग आतल्या खोलीतलं. तिथं कंबर भरून आली, तशी भिंतीला हात टेकून ती जरा थांबली.

“अगं, काय करतेस आत?” बटणांची खटखट ऐकून नवऱ्यानं हाक मारली. “मीटर केव्हाच काढून नेलाय. दिवे लागलेत कुठं?”

“आले,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरातल्या बटणापाशी वाकली.