मणक्यातला मणी

कडावात चंद्राबाईच्या दारात सकाळपासून रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाला चंद्राबाईची पाठ हवी होती.

पाठ पडवीत होती. म्हणजे चंद्राबाईसकट होती, पण चंद्राबाईशी कुणाचं काम नव्हतं. तिला भिंतीकडे तोंड करून पाटावर बसवलेली. लोक यायचे, पाठीला हळद लावायचे, हात टेकवायचे, नारळ ठेवायचे आणि मागच्या मागे सरकायचे. कशेळ्याकडून जिपा भरून माणसं उतरत होती. यातल्या निम्म्यांना म्हातारीचं तोंड कसं आहे हे आजही सांगता यायचं नाही.

पडवीतल्या ट्यूबलाइटवर एक्स-रेचे दोन फोटो चिकटवले होते. त्यांच्यापुढे काठी घेऊन हिरामण महाराज उभे होते. महाराज मोहोपाड्याचे. अंगावर पिवळी लुंगी, बोटांत अंगठ्या, आवाज लाउडस्पीकरची गरज नसलेला, तरीही लाउडस्पीकर होताच.

"भाविकहो, नीट बघा. हा पहिला फोटो. पांढरा मणी कुठं हाय? खाली, माकडहाडापाशी. आता हा दुसरा, आपण चढवणी केल्यावरचा. मणी कुठं गेला? वर, दोन खांद्यांच्या मधी. कुणी हातानं ढकलला? कुणी ऑपरेशन केलं? नाय. मंत्रावर चढला. फोटो कदी खोटं बोलत नाय. हे सायन्सच हाय, फक्त सायन्सला अजून म्हायती नाय."

या शेवटच्या वाक्यावर लोक नेहमी माना डोलवत. चंद्राबाई भिंतीवरच्या मुंग्यांकडे बघत बसे.

हे सगळं उपटलं एका शब्दावरून. चंद्राबाई गोठ्यात शेणावरून घसरली, म्हणून तिचा मुलगा दशरथ तिला कर्जतला डॉ. हर्षलांकडे फोटो काढायला घेऊन गेला. डॉक्टरीणबाई घाईत होत्या. म्हणाल्या, "मणके ठीक आहेत. आत मण्यासारखं दिसतंय ना, तो जुना डाय आहे. काळजी करू नका." दशरथ गवंडी. हाताचा चांगला, कानाचा बेताचा. डाय म्हणजे केसांना लावतात तो, एवढं त्याला ठाऊक होतं, आणि आपल्या आईने जन्मात केस रंगवले नाहीत हेही ठाऊक होतं. म्हणून तेवढा भाग त्याने सोडून दिला. उरलं काय, तर मणक्यात मणी. ते तो चहाच्या टपरीवर बोलला. संध्याकाळपर्यंत त्याचा नागमणी झाला होता, आणि त्याच आठवड्यात मोहोपाड्याहून महाराज हजर झाले. दुसरा फोटो त्यांनी स्वतः नेऊन खोपोलीत काढून आणला, कारण डॉ. हर्षला फोटो काढण्याआधी 'कशासाठी' असं विचारायच्या.

खरं सांगायचं तर चंद्राबाईला सुरुवातीला मजा वाटली. कधी नव्हे तो बसल्या जागी चहा येत होता. ज्या जावेने वर्षानुवर्षं तोंड फिरवलं होतं, तीसुद्धा रांगेत उभी राहून पाठीला हात लावून गेली. "लावू दे," असं चंद्राबाई सुनेला, सुनंदाला म्हणाली. "माझं काय झिजतंय?"

फक्त चढवणी तिला आवडली नव्हती. चढवणी म्हणजे खाटेच्या पायथ्याखाली विटा रचायच्या, चंद्राबाईला तिच्यावर उताणी निजवायची, पाय वर आणि डोकं खाली. मग महाराज बराच वेळ मंत्र म्हणायचे. विटा दशरथनेच रचल्या होत्या, एकदम नेटक्या. शिवाय महाराजांचा कडक नेम होता: चढवणी झाली की फोटो निघेपर्यंत बसायचं नाही, निजल्या निजल्याच टेंपोत घालून न्यायचं. बसली की मणी कोपतो. पहिल्या चढवणीला डोक्यात रक्त उतरून कान भणभणले, तेव्हा तिला वाटलं, आपण अशा कुठेतरी आधी लोंबलो आहोत. कुठे, ते काही आठवेना.

ते आठवलं सोमी आली त्या दिवशी.

सोमी कशेळ्याच्या वरच्या ठाकरवाडीतली. नवऱ्याच्या, पदूच्या पाठीवर बसून आली. हिरड्याच्या झाडावरून पडली होती दोन वर्षांमागे, तेव्हा तिच्या पाठीत स्टीलच्या पट्ट्या बसवल्या होत्या. चांगली चालत होती. आता पुन्हा पाय गळायला लागले होते. पदूने तिला पाटाजवळ टेकवलं, आणि रांगेत पहिल्यांदाच कुणीतरी चंद्राबाईच्या पाठीऐवजी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"बाय, तुमाला दुकतं का गं सारखं हात लावून?" सोमीने विचारलं.

चंद्राबाई वळली. "नाय. तुझ्या पायाला मुंग्या येतात?"

"येयाच्या. आता मुंग्या बी येत नाय."

चंद्राबाईने तिच्या पायांवरून हात फिरवला. तिला हे पाय ओळखीचे होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिचे स्वतःचे असेच झाले होते, आधी मुंग्या आणि मग मुंग्याही नाहीत.

"डाक्टर काय बोलतात?" तिने पदूला विचारलं.

"ते बोलतात, पट्ट्यांमुळं मोठ्या मशिनीत चित्र साफ येत नाय. पाठीत सुई घालून रंगाचं औषद सोडायचं, मग दिसंल कुठं दाबलंय. या आठवड्यात या बोलले, उशीर केलात तर पाय परत यायचे नाय." पदूने महाराजांकडे बघितलं. "पन महाराज नको बोलतात."

"नकोच," महाराज लाउडस्पीकरवरून म्हणाले. "पाठीत सुई घातली की मणक्यातलं पाणी फुटतं, माणूस जन्माचा लुळा. रविवारी मोठी चढवणी हाय. मणी वर चढला की हिनं हात लावायचा. उठून चालत जाईल. आणि सुई घेतलीस पोरी, तर माझ्याकडं येऊ नको."

चंद्राबाई पुन्हा भिंतीकडे वळून बसली. सुई. तिला लोखंडी टेबल आठवलं. मुंबईचं मोठं हॉस्पिटल, कमरेत लांबलचक सुई, घोट्यांना बांधलेले पट्टे, आणि मग ते टेबल हळूहळू कलायला लागलं, पाय वर, डोकं खाली. कान असेच भणभणले होते. आपण आता घरंगळत खाली जाणार असं वाटून तिने देवाचं नाव घेतलं होतं. त्यानंतर डॉक्टरांनी पाठीतली गाठ काढली आणि चंद्राबाई चालत घरी आली. दशरथ त्यानंतर जन्मला. त्याला हे कधी सांगितलं नव्हतं. मुलाला काय म्हणून सांगायचं?

दुपारी तिने सुनंदाला पडवीच्या मागे गाठलं. "त्या डाक्टरीणबाईला फोन लाव गं. इचार, माझ्या पाठीत नक्की काय हाय."

सुनंदाने स्पीकर चालू केला. डॉ. हर्षला पलीकडून आधी एवढंच म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी दशरथभाऊंना सांगितलं होतं." मग नीट समजावलं. डाय म्हणजे फोटोत दुखणं दिसावं म्हणून पाठीत सोडायचं रंगाचं औषध. पूर्वी ते तेलकट असायचं, पाण्याहून जड. काम झालं की जमेल तेवढं परत ओढून घ्यायचे, पण थेंब मागे राहायचेच. ते विरत नाहीत, वर्षानुवर्षं मणक्यांच्या पोकळीतल्या पाण्यात पडून राहतात. "आजी, तुम्ही उभ्या राहिलात की थेंब खाली. डोकं खाली केलंत की वर. मंत्र म्हणा नाहीतर म्हणू नका."

चंद्राबाईने फोन जवळ ओढला. "बाई," मग म्हणाली, "रविवारी तुमच्याकडं दोन फोटो काढाल का? माझ्यासाठी नाय. एका पोरीचे पाय जातायत."

"दोनच," डॉ. हर्षला म्हणाल्या.

रविवारी मोठी चढवणी झाली. पायथ्याखाली नेहमीपेक्षा जास्त विटा लागल्या, मंत्रही जास्त लागले. मग खाट तशीच उचलून टेंपोत ठेवली, विटांसकट. या वेळी खोपोलीला नाही, कर्जतला जायचं, असं चंद्राबाईने हट्टाने सांगितलं. देवानेच सांगितल्यावर महाराज काय बोलणार? ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, त्यांना मागची धूळ सोसत नसे. मागे ताडपत्रीखाली खाट, सुनंदा, पदू आणि सोमी.

टेंपो रस्त्याला लागला तशी चंद्राबाई उठली. वरचा दांडा धरून उभी राहिली.

"बाय, मणी कोपंल," पदू घाबरून म्हणाला.

"कोपू दे. माझा हाय, मी बघीन त्याचं."

कर्जत येईपर्यंत ती उभी होती. टेंपो थांबायच्या बेताला सुनंदाने खाटेखालच्या विटा काढल्या, तेव्हा कुठे चंद्राबाई पुन्हा आडवी झाली आणि तिथून मशीनपर्यंत विनातक्रार आडवीच गेली. मागून जिपांतून दशरथ आणि भाविक आले होते. डॉ. हर्षलांनी कॉम्प्युटरचा पडदा दाराकडे फिरवून ठेवला होता. फोटो आला. मणी माकडहाडापाशी, जिथल्या तिथे.

बाहेर चुळबुळ झाली. महाराज अजिबात डगमगले नाहीत. "अविश्वासाची सावली पडलीय," ते म्हणाले. "इथं कुणीतरी नास्तिक उभा हाय."

"उभी मी होते," चंद्राबाई टेबलावरून म्हणाली. "टेंपोत. कडाव सुटल्यापासनं. इचारा पदूला. आता बाई, माझं डोकं खाली करा. आणि मंत्र मी म्हणते."

टेबल कलवलं. चंद्राबाईने डोळे मिटले, हात जोडले आणि गंभीरपणे सुरू केलं, "कर्जत स्टँड, चारफाटा, कडाव, कशेळे. पुढं सरका, पुढं सरका. सुटे पैसे द्या. कशेळे, कडाव, चारफाटा, कर्जत स्टँड." एस.टी.चे थांबे तिने जाऊन येऊन बऱ्याच वेळा म्हटले. दारातल्या एका म्हातारीने सवयीने हात जोडले होते, ते तिने हळूच खाली घेतले.

दुसरा फोटो आला. मणी दोन खांद्यांच्या मधे.

दशरथ पडद्याकडे बघत राहिला. विटा त्यानेच रचल्या होत्या. मग तो बाहेर गेला आणि जिपेतल्या आपल्या पिशवीतून लेव्हलची नळी घेऊन आला. बांधकामाची पातळी बघायला गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, आत पाणी. ड्रायव्हरच्या हत्यारांच्या डब्यातला एक छर्रा, म्हणजे बेअरिंगमधली लोखंडी गोळी, त्याने तिच्यात सोडला आणि दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबून नळी ताठ धरली. एक टोक वर केलं, छर्रा दुसऱ्या टोकाला गेला. दुसरं वर केलं, छर्रा परत आला. असं त्याने चार-पाचदा केलं, दर वेळी जरा हळू.

"आये," तो म्हणाला, "मी बाराही महिने हीच नळी धरून फिरतो गं."

"म्हायत हाय," चंद्राबाई म्हणाली. "आता मला उठव."

उठून बसल्यावर तिने पदर सारखा केला आणि पदूला समोर बोलावलं.

"ऐक पदू. तुझ्या बायकोएवढी होते तवा माझे पाय असेच गेले होते. पाठीत सुई घातली, हेच औषद सोडलं, दुखणं कुठं हाय ते दिसलं, डाक्टरांनी काढलं. म्हणून मी गोठ्यात जाऊन घसरू शकले. हा जो मणी तुमी पूजता ना, ते त्या सुईचं उष्टं हाय. उष्ट्याला हळदी लावता आणि या पोरीला सुई नको म्हणता?"

पदूने महाराजांना शोधत मागे बघितलं. महाराज नव्हते. पिवळी लुंगी रिक्षा स्टँडच्या बाजूला चालली होती, धुळीची पर्वा न करता. हिरामण पूर्वी पनवेलकडे एका दवाखान्यात स्ट्रेचर ढकलायचा आणि तिथे अशी कलणारी टेबलं त्याने पुष्कळ बघितली होती, हे पुढे कळलं. म्हणजे त्या घोळक्यात मणी का चढतो हे ठाऊक असलेला एकटा तोच होता, आणि त्याने त्या ठाऊक असण्याचं हे केलं.

सोमीने टेंपोच्या कडेला बसून विचारलं, "बाय, सुई दुकते?"

"दुखते गं," चंद्राबाई म्हणाली. "खोटं कशाला सांगू? आणि खाली डोकं करायला लावलं तर मंत्र म्हण. कुठलाबी चालतो."

त्याच टेंपोने दशरथ त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेला. खाट आणि विटा कर्जतलाच राहिल्या.

सुई दिली, रंग सोडला, फोटो काढले. पट्टीच्या वरच्या टोकाला मज्जारज्जू दाबला जात होता, ती जागा स्वच्छ दिसली आणि ऑपरेशन झालं. एक पाय बराच परतला, दुसरा अजून थोडा ओढतो. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर दोन्ही गेले असते. हे लोकांना ऐकायला आवडत नाही, पण विज्ञानात उशिराची भरपाई दर वेळी होत नाही. मंत्र कधीही म्हणता येतो, त्यातच त्याचा धंदा आहे. म्हणून कुणी चमत्कार दाखवायला लागला, तर त्याच्या तोंडाकडे बघू नका, खाटेखाली काय ठेवलंय ते बघा. आणि फोटोत काय आहे हे ज्याला कळतं, त्यालाच विचारा. नाही कळलं तर दुसऱ्यांदा विचारा. दशरथने दुसऱ्यांदा विचारलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

पावसाळा सरता सरता एका सकाळी सोमी कशेळ्याच्या जिपेतून कडावला उतरली आणि काठी टेकत चंद्राबाईच्या पडवीत आली. आताचं औषध पाण्यासारखं असतं, एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं. तिच्या पाठीत मणी वगैरे काहीच राहिलं नव्हतं. त्यामुळे रांग लागली नाही, हळद लावायला कुणी आलं नाही. ती आपल्या पायांनी चालत आली होती, आणि ते बघायला चंद्राबाई एकटीच दारात उभी होती.