अर्धी दुवा

कढईच्या तळाला चरबी धरली होती. मेयरामनं बाह्या कोपरापर्यंत सारल्या, मूठभर राख आत टाकली आणि वाळल्या गवताच्या बोळ्यानं घासायला लागला. समोरच्या बाजूनं त्याचा धाकटा भाऊ झारास घासत होता. अख्ख्या आळीचं जेवण शिजवणारी कढई ती, एकट्यानं उरकणारी नव्हतीच. दोघांची डोकी एकमेकांवर आपटायची तेवढी राहिली होती, पण बोलणं मात्र 'पाणी ओत' आणि 'जरा कलती कर' यापलीकडे जात नव्हतं.

वडिलांचा चाळिसावा दिवस पार पडला होता. मुल्लाचं पठण झालं, पाहुणे जेवले, म्हाताऱ्याच्या आठवणी काढून हसले, रडले आणि तल्गारच्या रस्त्याला लागले. अंगणात बाकं उलटी घालून ठेवली होती. सफरचंदाच्या झाडांखाली फळांचा सडा पडला होता. यंदा वेचायला कुणाचा हात धजला नव्हता. आत झारासची बायको कुलाश भांडी लावत होती आणि मेयरामची बायको गाउहार दारात उभी राहून पेले पुसत होती. तिनं नवऱ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

त्या भुवया काय म्हणत होत्या ते मेयरामला पुरतं कळत होतं. सकाळी गाडीत तिनं तेच तोंडानं सांगितलं होतं.

"विचारलंस तर जीभ झडेल का तुझी? धाकटा भाऊ आहे तो, कुठला खान नाही."

"त्यानं आपणहून पाठवायला हवं होतं."

"आणि तू आपणहून मागायला हवं होतंस. बसा दोघंही अडून. म्हातारा वरून बघत असेल, म्हणत असेल, छान वाढवली मी पोरं."

मेयरामला हवं होतं ते एवढंसंच. वडिलांनी, म्हणजे त्यांच्या कोकेंनी, शेवटची दुवा दिली ती दोघा भावांनी फोनवर टिपली होती. मेयरामच्या फोनमधली अर्ध्यावर तुटली होती. पुढची अर्धी झारासपाशी होती.

भावाभावांत शेतावरून वाजतं, घरावरून वाजतं, बायकांवरून वाजतं. यांचं वाजायचं फोनवरून! मेयराम अल्मातीत बँकेत होता आणि पहिल्या पगारवाढीला त्यानं जो आयफोन घेतला, तेव्हापासून दुसऱ्या कशाला हात लावला नव्हता. झारास घरोघरी पाणी तापवायचे बंब दुरुस्त करायचा. धाकटा म्हणून रिवाजाप्रमाणे वडिलांच्या घरी राहिला होता आणि सॅमसंगचा असा काही भक्त होता, की त्याच्या देखत कुणी दुसऱ्या फोनचं नाव काढलं तर चहा थंड होईपर्यंत वाद घालायचा. दर रविवारी मेयराम आला की दोघं दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवर, साखरेच्या भांड्याशेजारी आपापला फोन मांडायचे, पैलवानांनी पटके टाकावेत तसे.

"आगा, यंदाच्या मॉडेलसाठी कुठली घोडी विकलीस?" थोरल्याला 'आगा' म्हणणारा धाकटा सुरुवात करायचा.

"तुझ्या फोनात चंद्रावरचे खड्डे दिसतात म्हणे. शेजारी बसलेला माणूस कधी दिसणार?"

मग दोघं अंगणात जाऊन एकाच डोंगराचं चित्रण करायचे आणि बायकांना विचारायचे, कुणाचं बरं. बायका शहाण्या. त्या म्हणायच्या, डोंगर बरा.

कोके मधे बसून हसायचे. "अल्मातीच्या मातीत सफरचंदं पिकतात," ते म्हणायचे, "आणि माझा थोरला पैसे मोजून उष्टं सफरचंद आणतो! आणि तू रे दात काढू नकोस, झारास. तुझ्यापाशी तर उष्टंही नाही."

दोघांनी एकाच वर्षी कोकेंना एकेक टॅब्लेट दिला होता, अर्थात आपापल्या कंपनीचा. कोके तरी काय करणार? रोज झारासच्या टॅब्लेटवर घोड्यांच्या शर्यती बघायचे. रविवारी मेयरामची गाडी वळणावर दिसली की तो रजयांच्या चवडीत खुपसायचे आणि मेयरामचा काढून मांडीवर घ्यायचे. सगळ्या घराला हे ठाऊक होतं. मेयरामलाही ठाऊक होतं, आणि तरी दर रविवारी आपला टॅब्लेट बापाच्या मांडीवर बघून त्याला बरं वाटायचं.

ती दुवा ऑगस्ट संपता संपता दिलेली. दुसऱ्या दिवशी कोकेंना छातीच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात न्यायचं होतं. सगळे दस्तरखानाभोवती बसले होते. चहा झाल्यावर कोके म्हणाले, "निघायच्या आधी दुवा देतो." त्यांनी तळहात वर केले, आणि दोन्ही भावांनी फोन वर केले.

"खिडकी मागे आहे," मेयराम म्हणाला होता. "तुझ्यात नुसता काळा ठिपका येईल."

"बघू कुणाच्यात ठिपका येतो ते."

मेयरामच्या फोनात तेवढं सगळं होतं. मग कोकेंचा जड, संथ आवाज. "चूल विझू नये. दार मिटू नये. वाटेत पाय घसरू नये. तुम्ही दोघं…" आणि संपलं. फोनमधली जागा भरली होती. कशानं, तर त्या मेल्या डोंगराच्या चित्रणांनी. मेयराम खाली मान घालून ती एकेक पुसत बसला आणि जागा होईपर्यंत दुवा संपली होती. बापाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेला माणूस, आणि बाप काय म्हणाला ते त्याला ठाऊक नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर कोके शुद्धीवर आले नाहीत. 'तुम्ही दोघं' याच्या पुढे काय, हे विचारायला ते उरले नव्हते. गाउहारला विचारलं तर ती म्हणाली, मला नीट आठवत नाही रे, आम्ही हसत होतो.

मेयरामनं गवताचा बोळा खाली टाकला.

"झारास."

"हं."

"तुझ्या फोनात कोकेंची दुवा पूर्ण आहे ना?"

झारासचा हात थांबला. "आहे."

"मला हवीये."

आता टोमणा येणार, म्हणून मेयरामनं मनात उत्तरही तयार ठेवलं होतं. पण टोमणा आला नाही. झारास कढईचा तोच तो भाग पुन्हा घासायला लागला. तिथं घासायला काही शिल्लक नव्हतं.

"राहू दे, आगा."

"राहू दे म्हणजे?"

"तुझ्याकडे आहे तेवढी पुरे."

मेयरामच्या कानशिलांत रक्त चढलं. "पुरे? ती काय तुझ्या कंपनीची मालमत्ता आहे? माझाही बाप होता तो! तुला माझ्या तोंडून ऐकायचंय ना? ऐक मग. तुझा फोन भारी. माझा भिकार. जिंकलास! आता दे."

दारातल्या गाउहारच्या हातातला पेला पुसायचा राहिला. कुलाशही आतून बाहेर आली होती. इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला झारासनं काय वाट्टेल ते दिलं असतं. आता ते आलं, तर तो मान खाली घालून उभा राहिला.

"त्यासाठी नाही रे," तो म्हणाला.

त्यानं काळे हात पँटीला पुसले, खिशातून फोन काढला, उलट्या बाकावर बादलीला टेकवून उभा केला आणि बोटानं सुरू केला.

चित्र खरंच चांगलं होतं. खिडकीचा उजेड कोकेंच्या पांढऱ्या दाढीवर पडला होता. झारास समोर बसलेला, म्हणून त्याच्या चित्रात कोके होते आणि शेजारी मेयरामही होता. फोन डोळ्यांसमोर धरलेला. स्वतःचं तोंडच दिसत नव्हतं त्याला.

"चूल विझू नये. दार मिटू नये. वाटेत पाय घसरू नये," कोके म्हणत होते. "तुम्ही दोघं एका झाडाच्या फांद्या. एकानं हाक मारायच्या आधी दुसरा दारात उभा असावा. माझ्यामागं हे दस्तरखान एकच राहो."

मेयरामनं श्वास सोडला. एवढंच होतं. एवढ्यासाठी चाळीस दिवस. पण झारासनं फोन बंद केला नव्हता, आणि चित्रातले कोके तळहात वर धरून बसले होते.

ते थांबले होते. त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. थोरला फोनात डोकं खुपसून काहीतरी पुसत होता. त्यांनी समोर पाहिलं, धाकट्याच्या फोनकडे. मग सुनांकडे पाहिलं. गाउहारचे हात उघडलेले होते, पण तेवढ्यात फोनमागून झारासचा आवाज आला, "आगा, उष्ट्या सफरचंदाचं पोट भरलं वाटतं!" आणि हसू दाबायला तिचा एक हात तोंडावर गेला. सगळे खदाखदा हसले. चित्रातला मेयराम चिडून म्हणाला, "गप रे, एक मिनिट!"

ऐकणाऱ्यांनी आमीन म्हटल्याशिवाय दुवा पुरी होत नाही, पण आमीन कुणी म्हणालं नाही. एकाचेही तळहात तोंडावरून फिरले नाहीत.

लहानपणी झारास दुवेच्या वेळी मुठीत बाउर्साकचा तळलेला तुकडा लपवून बसायचा. कोके दुवा थांबवून म्हणायचे, "हात मोकळे कर रे, खादाडा. भरल्या मुठीत दुवा कुठं मावणार?" तो मुकाट्यानं तुकडा खाली ठेवायचा आणि मगच ते पुढं म्हणायचे. त्या दिवशी मात्र ते काही बोलले नाहीत. हसू ओसरेपर्यंत हात तसेच धरून राहिले. मग हळूच मांडीवर ठेवले, सरळ फोनकडे बघून ओशाळल्यासारखे हसले आणि म्हणाले,

"आलो का रे नीट?"

चित्र तिथं संपत होतं.

झाडावरून एक सफरचंद पडलं आणि घरंगळत कढईपाशी येऊन थांबलं.

"दफन करून आलो त्याच दिवशी उघडली," झारास म्हणाला. "तुलाच पाठवायची म्हणून. मग शेवटपर्यंत बघितली. म्हटलं, आगाला ठाऊक नाही तर नसू दे. दोघांतल्या एकाला तरी झोप लागू दे."

"आणि मला वाटलं तू…"

"तुला काय वाटत होतं ते कळत होतं मला. वाटू दिलं."

मेयराम कढईच्या काठावर बसला. चाळीस दिवस तो या पोराला आढ्यताखोर म्हणत होता. गाडीत म्हणाला होता, बँकेत म्हणाला होता, रात्री छताकडे बघत म्हणाला होता. आणि हा इथं, त्याच घरात, त्याच खिडकीपाशी बसून एकटाच हे बघत होता. मेयरामला भावाची दया आली आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की त्याच्याकडे वर बघवेना.

"मी तरी कुठं हात उघडले?" झारास म्हणाला. "चांगलं चित्र येतंय, हात हलता कामा नये, एवढंच डोक्यात. आलंही बघ कसलं सुरेख."

त्याचा आवाज तिथं फाटला. कुलाश पुढं यायला निघाली, पण गाउहारनं तिचा दंड धरला.

"पुन्हा लाव," मेयराम म्हणाला.

"कशाला, आगा?"

"लाव तर खरं."

झारासनं लावली. मेयरामनं आपला फोन खिशातून काढला, न बघताच मागं गवतावर टाकला आणि जमिनीवर मांडी घातली. झारास त्याच्या शेजारी बसला, गुडघ्याला गुडघा लावून. दोघांनी तळहात वर केले. हात कोपरापर्यंत काळे होते, नखांत राख भरली होती.

चूल विझू नये. दार मिटू नये. दोघं ऐकत होते. पडद्यावरचे कोके बोलायचे थांबले आणि तळहात वर धरून त्यांनी थोरल्याकडे पाहिलं.

"आमीन," मेयराम म्हणाला.

"आमीन," झारास म्हणाला. दारातून दोन्ही सुनांचा आवाजही आला.

दोघांनी हात तोंडावरून फिरवले आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत काजळीचे पट्टे उमटले. पण पडद्यावर हशा पिकायचा तो पिकलाच. मेयराम चिडायचा तो चिडलाच. म्हाताऱ्यानं रिकामे हात पुन्हा मांडीवर ठेवले आणि वर बघून, तसंच ओशाळं हसत, विचारलं,

"आलो का रे नीट?"